पिनेचे पाय

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला कामावर सगळे शंकासुर म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ देत असे. एकतीस वर्षं त्याने लोकांच्या लिफ्ट सांभाळल्या होत्या. त्याच्या हाताखालून गेलेल्या लिफ्टने कधी कुणाला दगा दिला नव्हता, पण त्याच्या डोक्याला लागलेला भुंगा काही सुटत नव्हता. कुलूप लावलं का? लावलं. ओढून बघितलं का? बघितलं. मग अर्ध्या जिन्यातून परत का फिरलात? तर ओढून बघितलं ते आजचं की कालचं, ते आठवेना म्हणून.

स्वतः तो बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा. या गोष्टीवर जेवढे विनोद होऊ शकतात तेवढे सगळे होऊन गेले होते, त्यामुळे ते इथे सांगत बसत नाही.

त्याची बायको कपड्यांच्या दुकानात मापं कमी-जास्त करून द्यायची. दिवसभर हूक, काजं आणि उसवलेल्या शिवणी बघायची आणि त्यातच आठ वेळा नवऱ्याचा फोन घ्यायची. "निघताना गॅस बंद केलास का?" हा पहिला फोन. "नक्की ना?" हा दुसरा. तिसऱ्यापासून ती फोन उचलून नुसतं "बंद आहे" म्हणायची आणि ठेवून द्यायची. दुकानातल्या मुली हसायच्या. ती हसायची नाही, पण रागवायचीही नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर काही गोष्टींवर राग करायचं माणूस सोडून देतं.

सहा वर्षांपूर्वी कंपनीने मेकॅनिकांना स्मार्टफोन दिले. काम झालं की त्याचा फोटो काढायचा, असा नियम आला. बाकीच्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. एकच फोटो महिनाभर फिरवून पाठवणारे बहाद्दरही निघाले. शंकासुराला मात्र घबाड सापडलं. नट आवळला की फोटो. झाकण बसवलं की फोटो. मग बसमध्ये शंका आली की फोन काढायचा, फोटो बघायचा, फोन खिशात. जिवाला किती आराम. होता होता तो कामाबाहेरचेही फोटो काढायला लागला, पण ते कुणाला माहीत नव्हतं. बायकोला फक्त एवढंच कळलं की आठ फोनांचे पाच झाले.

"आधी तुमचा भुंगा डोक्यात होता," ती म्हणाली, "आता खिशात आहे."

पण फोनवरही सगळंच निभत नाही. मागच्या वर्षभरात दोनदा असं झालं की फोटो धूसर आला, शंका मिटेना, आणि त्याने ऑफिसला कळवून चालती लिफ्ट बंद करायला लावली. दोन्ही वेळा वर जाऊन बघतो तर काम जागच्या जागी, नीट. पहिल्या वेळी लोक नुसते कुरकुरले. दुसऱ्या वेळी ती लिफ्ट होती वृद्धांच्या पाच मजली निवासगृहातली. लिफ्ट बंद म्हणून चौथ्या मजल्यावरच्या एक आजी जिन्याने निघाल्या आणि तिसऱ्या मजल्यावर पडल्या. मनगट मोडलं. शंकासुर फळं घेऊन भेटायला गेला तेव्हा प्लॅस्टरमधला हात वर करून त्या म्हणाल्या, "तुमची शंका माझ्या हातावर निघाली हो." त्या हसत म्हणाल्या. त्याला मात्र ते वाक्य अजून सोडत नव्हतं.

सुपरवायझरने त्याला समोर बसवलं. वयाने लहान, पण बोलायला पक्का.

"काका, तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. पण तिसऱ्यांदा असं उगीच लिफ्ट बंद करायला लावलीत, तर तुम्हाला ऑफिसात खुर्ची देईन. फोन घ्यायचे, नोंदी करायच्या."

ज्या माणसाला जेवतानाही दोनदा उठल्याशिवाय चैन पडत नाही त्याला खुर्ची म्हणजे काय, हे सुपरवायझरला पुरतं ठाऊक होतं.

ही सगळी पार्श्वभूमी. आता त्या दिवसाचं.

त्या दिवशी शंकासुर पावणेसहाला घरी आला आणि मोरीत हात धुवायला लागला. एकदा साबण लावला, ग्रीस निघालं. दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा लावताना तो थांबला आणि उजव्या तळहाताकडे बघत राहिला. पक्कड दाबून धरली की तळहाताला अंगठ्याखाली एक चिमटा बसतो. आज तो चिमटा आठवत नव्हता.

आज त्याच निवासगृहाच्या लिफ्टचं काम होतं. जोडीदार रजेवर, म्हणून एकटाच गच्चीवरच्या मशीन रूममध्ये त्याने ब्रेकचं झिजलेलं अस्तर बदललं. त्यासाठी ब्रेकचा हात ज्या दांड्यावर फिरतो तो दांडा काढावा लागतो. परत बसवला की दांड्याच्या टोकाच्या भोकात एक स्प्लिट पिन घालायची. केसांच्या आकड्यासारखी, दोन पायांची छोटी पिन. ती घातली की पकडीने तिचे दोन्ही पाय दोन बाजूंना वाकवायचे, म्हणजे ती बाहेर येत नाही. नवीन येणाऱ्या प्रत्येक मेकॅनिकला शंकासुर शिकवायचा, "पाय वाकवले नाहीत तर ती पिन नव्हे, टाचणी." घरी बायको मशीनवर बसली असतानाही त्याने हे निदान शंभरदा ऐकवलं होतं.

पिन घातली होती, हे नक्की. मग फोन वाजला. मग फोटो काढला. फोन आणि फोटो यांच्या मधे पक्कड हातात घेतली होती का?

तो ओल्या हातानेच बाहेर आला आणि फोन शोधायला लागला. तीन महिन्यांपूर्वी हा फोन लिफ्टच्या खड्ड्यात पडला होता, तेव्हापासून पडद्याच्या मधोमध शाई सांडल्यासारखा काळा डाग होता. त्यात डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलेला. फोटो उघडला, सरकवला, मोठा केला. पिन नेमकी डागाखाली. डागाबाहेर काढावी तर दांडा कुठला आणि सावली कुठली ते कळेना.

"काय झालं?" लेकीने विचारलं. ती नुकतीच कामावरून आली होती आणि सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती.

"एक फोटो बघायचाय."

"मला पाठवा."

त्याने पाठवला. तिच्या फोनवर तो आला, पण येता येता त्यातला जीव गेला होता. मोठा केला की चौकोन चौकोन दिसायचे. तिने मग त्याचा मूळ फोटो जसाच्या तसा मागवला, तर तिचा फोन म्हणाला, जागा नाही.

"आहे की पिन," ती चौकोनांकडे बघत म्हणाली.

"पिन आहे गं. तिचे पाय कसे आहेत?"

"काळ्यावर काळं दिसतंय, बाबा."

एवढ्यात बायको दुकानातून आली. नवरा हॉलमध्ये येरझारा घालतोय आणि लेक सोफ्याच्या टोकावर सरकून बसलीय, हे बघून तिने पर्स न ठेवताच विचारलं, "गॅस का?"

त्याने आणि लेकीने मिळून पिनेचं आणि मधेच आलेल्या फोनचं सांगितलं. बायको खुर्चीवर बसली.

"मग सरळ फोन करून बंद करायला सांगा की."

"आणि पिन बरोबर असली तर?" शंकासुर खिडकीशी जाऊन परत आला. "साडेसातला त्यांचं जेवण असतं. जेवणघर तळमजल्यावर. सात वाजल्यापासून सगळे लिफ्टच्या दाराशी. लिफ्ट बंद दिसली की एखादी म्हातारी जिन्याने निघणार. परत कुणाचा हात, कुणाचा पाय."

"आणि पिन बरोबर नसली तर?"

तो थांबला. "लिफ्ट कोसळत नाही. कोसळते ती सिनेमात. पण पिन गळाली, दांडा सरकला, तर ब्रेक धरत नाही. मग माणसं भरलेली लिफ्ट मजल्यावर थांबते आणि दार उघडं असताना हळूच सरकते. एक पाय आत, एक बाहेर."

बायकोने उठून घड्याळाकडे पाहिलं. सहाला दहा कमी होते.

स्वतः जाऊन बघावं म्हणावं, तर मशीन रूमची किल्ली त्याच्याकडेच होती, त्याला कोण अडवणार होतं? पण कंपनीचा नियम असा, की काम सोपवून झाल्यावर मेकॅनिक परत जाणार असेल तर आधी ऑफिसला कळवायचं, आणि कळवलं की तो पोचेपर्यंत लिफ्ट बंद. म्हणजे सगळ्या वाटा शेवटी त्या जिन्यावरच येऊन मिळत होत्या.

"टीव्हीवर टाकू," लेक म्हणाली. "मोठा दिसेल. स्पष्ट दिसेल. मूळ फोटोच दिसेल."

शंकासुराला ते पटलं. त्याला ती पिन खऱ्याएवढी बघायची होती, किंवा खऱ्यापेक्षा मोठी. फक्त लवकर.

पहिल्यांदा वायर. टीव्हीच्या मागे हात घालून लेकीने जुनी जाड वायर शोधली. एक टोक टीव्हीत बसलं, दुसरं फोनमध्ये बसेना. मग दोन तोंडांचा एक तुकडा सापडला, तो लावला. फोनने आनंदाने सांगितलं की चार्जिंग सुरू झालंय. टीव्ही म्हणाला, सिग्नल नाही. लेकीने वायर काढून फुंकर मारली आणि परत लावली. परत चार्जिंग.

"या फोनच्या भोकातून चित्र बाहेर येतच नाही," तिने शेवटी निकाल दिला. "नुसती वीज आत जाते."

"मग सहा वर्षं मी कशासाठी..." तो म्हणाला आणि वाक्य तिथेच सोडून पाणी प्यायला गेला. पाणी न पिताच परत आला.

दुसऱ्यांदा पेनड्राइव्ह. लेकीकडे दोन तोंडांचा पेनड्राइव्ह होता, एक फोनसाठी, एक टीव्हीसाठी. त्यात फोटो उतरवला. टीव्हीत खुपसला. रिमोट दाबून दाबून एक फोल्डर उघडलं, त्यात फोटोचं नाव दिसलं. शंकासुर पडद्याच्या इतका जवळ गेला की बायकोने त्याचा शर्ट धरून मागे ओढला. लेकीने बटण दाबलं. पडद्यावर ओळ आली: ही फाइल उघडता येत नाही.

"नाव दिसतंय आणि फोटो नाही?"

"तुमचा फोन नवीन पद्धतीने फोटो ठेवतो. आपला टीव्ही जुना, त्याला ती पद्धत समजत नाही. बदलून घेता येतं, थांबा."

"किती वेळ?"

"बघते ना, बाबा. तुम्ही बसा."

तो बसला. लगेच उठला. वास्तविक बसायला सांगणाऱ्यांचं काही चुकत नाही, पण अशा वेळी ते शब्द अंगावर येतात. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याच्या डोळ्यांपुढे ती लिफ्ट वर-खाली करत होती आणि प्रत्येक फेरीला मशीन थरथरत होतं, आणि प्रत्येक थरथरीला ती पिन, सरळ पायांची असेल तर, केसाएवढी बाहेर येत होती. पण सरळ पायांची असेल तर. वाकवलेही असतील. एकतीस वर्षं हात आपोआप वाकवतो. मेंदूला विचारायला जात नाही.

"फोन कुणाचा आला होता?" बायकोने मधेच विचारलं.

"कधी?"

"पिन घातल्यावर. आला होता म्हणालात ना."

"होता कुणाचा तरी," शंकासुर म्हणाला आणि खिडकीकडे गेला.

बदलून घ्यायचं जमेना तेव्हा लेकीने पेनड्राइव्हचा नाद सोडला. तिसरा उपाय म्हणजे वायरच नको. फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर असले की फोनवरचं चित्र टीव्हीवर पाठवता येतं. यांचं वायफाय खरं तर शेजारच्या बाईंचं. बाई भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहायच्या. शंकासुराने त्यांच्या दाराचा अडकणारा बिजागर एकदा सरळ करून दिला होता आणि नंतर तो सरळ राहिलाय का हे बघायला तीनदा गेला होता. त्याबद्दल बाईंनी वायफायचा पासवर्ड देऊन टाकला होता.

लेकीने फोनमध्ये शोधलं. यादीत एकच नाव आलं: हॉल.

"हा आपलाच," ती म्हणाली आणि दाबलं.

फोन म्हणाला, जोडलं गेलं. यांच्या टीव्हीवर मात्र तीच ओळ, सिग्नल नाही. लेकीने टीव्हीकडे बघतच एक फोटो सरकवला, दुसरा सरकवला, तिसरा. काही नाही. तिने टीव्ही बंद करून चालू केला आणि पुन्हा फोटो सरकवत बसली.

दारावर थाप पडली. बाहेर भूगोलाच्या बाई उभ्या. हातात रिमोट.

"मी बातम्या बघत होते," त्या म्हणाल्या. "मधेच माझ्या टीव्हीवर कुणाचा तरी गॅस आला."

"गॅस?"

"गॅसचं बटण. बंद केलेलं. आधी वाटलं जाहिरात आहे. मग दुसरं आलं, तेही गॅसचं बटण. मग तिसरं. चौथ्याला मागे तुमची निळी बरणी दिसली, म्हणून आले."

मग लेकीच्या ध्यानात आलं की यादीतला तो हॉल भिंतीपलीकडचा होता. यांच्या जुन्या टीव्हीला वायफायचं वारंही लागलेलं नव्हतं. तिने डोक्याला हात लावला.

"अहो, मग माझ्याकडे दिसतंय तर माझ्याकडेच या," बाई म्हणाल्या. "काय बघायचंय?"

शंकासुर त्यांच्या आधी त्यांच्या घरात होता.

बाईंचा टीव्ही मोठा आणि नवा होता. लेक फोटो मागे सरकवायला लागली, आणि दुपारपर्यंत पोचायला तिला बरंच सरकवावं लागलं, कारण घाईत तिने भलत्याच महिन्याचे फोटो उघडले होते. पडद्यावर एकामागून एक चित्रं जात होती. गॅसचं बटण. दाराची कडी. गॅसचं बटण. बायकोच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी, त्या दिवसाची गोळी काढलेली. लेकीच्या स्कूटरचं मागचं चाक. लेकीच्या हेल्मेटचा पट्टा, लावलेला, आणि त्याखाली तिची हनुवटी. पुन्हा गॅस. पुन्हा चाक. प्रत्येकाखाली तारीख, प्रत्येकाखाली सकाळची वेळ.

"हे रोज काढता?" लेकीने विचारलं. तिला हसू आलं होतं, ते ओठांवर येऊन तिथेच थांबलं.

"आधी पिन," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

आठ फोनांचे पाच कसे झाले, ते बायकोला आत्ता कळत होतं. उरलेले तीन फोन हा माणूस खिशात घेऊन फिरत होता. तिला त्याची दया आली आणि स्वतःचा थोडा रागही आला, कारण तिने आज दुपारी एक गंमत केली होती.

मग तो फोटो आला. सगळी भिंत ग्रीसने भरली. दांडा मनगटाएवढा जाड दिसत होता. बाईंनी शिकवायच्या सवयीने कोपऱ्यातली लाकडी पट्टी उचलली आणि त्या पडद्यापाशी उभ्या राहिल्या.

"कुठे बघायचं ते सांगा."

"उजवीकडे. दांड्याचं टोक. अजून खाली. तिथे."

पट्टी पिनेवर थांबली. पिन होती. तिचं गोल डोकं भोकाशी टेकलेलं, चकचकीत. शंकासुराच्या तोंडून मोठा श्वास बाहेर पडला.

"आहे. बघ, आहे," तो लेकीला म्हणाला. "बसलीय. डोकं टेकलंय."

"झालं तर मग," बाई म्हणाल्या आणि पट्टी खाली घेतली.

"थांबा," बायको म्हणाली.

ती उठून टीव्हीजवळ गेली. तिने पडद्याला बोट लावलं नाही, हात मागे बांधून वाकून बघितलं, दुकानात शिवण बघते तसं. "हे डोकं. हे पलीकडून निघालेले पाय, बरोबर? हे एकच दिसतंय."

"एक पाय दुसऱ्यामागे असेल."

"वाकवले असते तर मागे कसा राहील? एक इकडे, एक तिकडे दिसायला हवा. हे दोन्ही एकाला एक चिकटून सरळ आहेत, अहो." ती त्याच्याकडे वळली. "ही टाचणी आहे."

तो पडद्याकडे बघत राहिला. आता त्यालाही दिसत होतं. खरं तर पहिल्यापासून दिसत होतं, पण पिन दिसल्याबरोबर त्याने पुढचं बघणं थांबवलं होतं. दुपारीही तेच झालं होतं. फोटो काढला, म्हणजे बघून झालं असं धरून त्याने फोन खिशात टाकला आणि हत्यारं आवरली. सहा वर्षांत त्याने हजारो फोटो काढले होते, आणि फोटो काढायला लागल्यापासून हात लावून बघणं कधी सुटलं, ते त्याला कळलंच नव्हतं.

फोटोखाली वेळ होती: तीन वाजून त्रेचाळीस. बायकोची नजर तिथे गेली आणि तिचा चेहरा उतरला.

त्या दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मुली म्हणाल्या, या वेळी काकांच्या आधी तुम्हीच करा फोन. तिने केला होता. "गॅस बंद आहे, कुलूप ओढून बघितलंय, आणि तुम्ही विचारायच्या आत मी सांगितलंय," असं एका दमात म्हणून ठेवून दिला होता. मागे मुली खिदळत होत्या. वेळ तीन चाळीस.

"माझा फोन होता," ती म्हणाली.

"चूक माझी आहे," शंकासुर म्हणाला. "फोन कुणाचाही येतो. पक्कड माझ्या हातात असते."

त्याने बाईंच्याच हॉलमधून निवासगृहाच्या व्यवस्थापकाला फोन लावला. सहा पस्तीस झाले होते.

"लिफ्ट बंद करा. आत्ता. आत कुणी असेल तर बाहेर पडू द्या आणि मेन स्विच खाली करा."

"पुन्हा?" व्यवस्थापकाचा आवाज खोलीभर ऐकू आला. "मागच्या वेळचं विसरलात का? सत्तावीस माणसं खाली जेवायला यायची आहेत. पुन्हा तुमची शंका का?"

"नाही," तो म्हणाला. "या वेळी शंका नाही. मी पाहिलंय. आणि जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर एकेक माणूस उभा करा, कुणाला उतरू देऊ नका. जेवायला अर्धा तास उशीर होईल म्हणून सांगा. शिव्या मला द्या."

दुसरा फोन सुपरवायझरला. तो जास्त कठीण होता. मागच्या दोन वेळा शंका खोटी होती, म्हणून नुसत्या तंबीवर निभावलं होतं. या वेळी शंका खरी निघाली, म्हणजेच काम खोटं होतं, आणि काम त्याचं होतं.

"साहेब, निवासगृहाची लिफ्ट बंद करायला लावलीय. ब्रेकची पिन मी घातली आणि पाय वाकवले नाहीत. मी निघतोय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तुम्ही वाकवले नाहीत?"

"नाही."

"सोमवारी ऑफिसात या," सुपरवायझर म्हणाला.

लेकीने स्कूटर काढली. मागे बसताना शंकासुराने सवयीने तिच्या हेल्मेटचा पट्टा ओढून बघितला. आज तिने मान बाजूला केली नाही. चाळीस मिनिटांचा रस्ता होता. प्रत्येक सिग्नलला तो पाय खाली टेकायचा, जणू काही उतरून पळत गेला तर लवकर पोचेल. वाटेत तो एकदाच बोलला, आणि तेही पक्कड घेतलीय का, हे विचारायला. पक्कड त्याच्याच हातात होती.

निवासगृहाच्या दारात सात वीस झाले. प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दाराशी माणसं जमली होती, कुणी काठीवर, कुणी चाकाच्या खुर्चीत, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर भूक आणि वैताग. शंकासुर पाच मजले चढायला लागला. चौथ्या मजल्यावर त्या आजी स्टुलावर बसल्या होत्या. प्लॅस्टर निघालं होतं, मनगट जरा वाकडं जुळलं होतं.

"मी नाही हो निघाले जिन्याने," त्या म्हणाल्या. "बसून राहिलेय."

त्याने हात जोडले आणि तो वर पळाला.

मशीन रूमचं दार उघडून त्याने बॅटरी मारली. मशीन अजून गरम होतं. पिन जागेवर होती म्हणायची एवढंच. तिचं डोकं भोकापासून बोटभर बाहेर आलं होतं आणि पायांची टोकं जेमतेम भोकाच्या कडेत अडकली होती. तीन तासांत एवढी. अजून जेवणाच्या वेळची गर्दी व्हायची होती. तो क्षणभर पायरीवर बसला. एकतीस वर्षांत मशीन रूममध्ये बसण्याची त्याची ही पहिलीच वेळ असावी.

मग त्याने जुनी पिन काढली, नवीन घातली, पक्कड घेतली आणि एक पाय इकडे, एक पाय तिकडे वाकवला. तळहाताला चिमटा बसला. त्याने बोट फिरवून दोन्ही टोकं चाचपली. पुन्हा चाचपली. डावा हात आपोआप खिशातल्या फोनकडे गेला आणि खिशावरच थांबला. मग त्याने स्विच वर केला, रिकामी लिफ्ट पाच वेळा वर-खाली करून प्रत्येक वेळी ब्रेक धरतो का ते डोळ्यांनी बघितलं, आणि मग माणसं चढू दिली. पहिल्या फेरीला तो स्वतः आत उभा राहिला. आजी त्याच्या शेजारी होत्या. त्यांनी चांगल्या हाताने त्याची बाही धरली होती आणि तळमजला येईपर्यंत सोडली नाही.

व्यवस्थापक बोलायला तोंड उघडून उभा होता. शंकासुराने जुनी पिन त्याच्या टेबलावर ठेवली आणि काय झालं असतं ते न लपवता सांगितलं. सांगताना आपली खुर्ची आपणच ओढून घेतोय हे त्याला कळत होतं, पण आवाज अडखळला नाही. व्यवस्थापकाने पिन उचलून तिचे सरळ पाय बोटाने चाचपले.

बाहेर स्कूटरपाशी येऊन त्याने बायकोला फोन लावला. पहिल्या घंटीलाच तिने उचलला.

"झालं," तो म्हणाला. "बोटभर बाहेर आली होती. नवीन घातली."

"फोटो काढलात?"

"नाही. हात लावून बघितलं."

मागे भूगोलाच्या बाईंच्या टीव्हीचा आवाज येत होता, म्हणजे ती अजून तिथेच बसली होती.

"तू करायचास ना फोन," तो म्हणाला. "केव्हाचं झालंय इथलं."

"तीनदा नंबर काढला," ती म्हणाली. "लावायचा धीर झाला नाही. म्हटलं, पक्कड हातात असेल."